वाऱ्याचा हिशेब : पात्याभोवतीच्या गणिताची दीडशे वर्षे

१९०२ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑरव्हिल राइट या भावांपुढे विमानाची दोनच कामे उरली होती : इंजिन आणि प्रॉपेलर. पंखांचा आकार त्यांना गवसला होता, हवेत तोल सांभाळण्याची युक्तीही साधली होती. उरलेल्या दोन कामांपैकी प्रॉपेलरचे काम सोपे असणार, अशी त्यांची समजूत होती. मळसूत्री पंख्यावर चालणाऱ्या आगबोटी अर्धशतकाहून अधिक काळ समुद्रावर फिरत होत्या. बोटी बांधणाऱ्यांकडून सूत्र घ्यायचे, त्यात पाण्याच्या जागी हवा घालायची, की झाले!

पुस्तके धुंडाळल्यावर त्यांच्या लक्षात आले, की असे सूत्र कोणापाशी नाही. बोटींचे अभियंते अनुभवाने बसवलेल्या ठोकताळ्यांवर काम भागवत होते. एक पंखा नीट चालला नाही, तर दुसरा बसवून पाहायचा. बोटीला हे परवडत होते, कारण पंखा थोडा वाया गेला तरी बोट बुडत नाही. विमानाचे तसे नव्हते. राइट बंधूंचे इंजिन जेमतेम बारा अश्वशक्तीचे. त्यातली शक्ती फार वाया गेली तर विमान जमीनच सोडणार नव्हते.

मग दोघा भावांनी स्वतःच विचार सुरू केला. प्रॉपेलर म्हणजे काय? तो एक पंखच आहे, फक्त सरळ रेषेत न जाता मळसूत्राच्या वाटेने जाणारा. हे एकदा मान्य केले की १९०१ मध्ये दुकानातल्या लहानशा वातबोगद्यात पंखांच्या सुमारे दोनशे आकारांवर केलेल्या प्रयोगांचे तक्ते हाताशी होतेच. पण पंख कोणत्या वाऱ्यातून जातो आहे? विमान पुढे जाते, पाते आडवे फिरते आणि त्या फिरण्यानेच हवा मागे ढकलली जाते. वारा ठरला तर पात्याचा जोर ठरेल, आणि पात्याचा जोर ठरला तर वारा ठरेल. सुरुवात कुठून करायची? या प्रश्नावर दोघे तावातावाने भांडत आणि भांडण संपल्यावर ध्यानात येई, की मतभेद होता तेवढाच आहे, फक्त दोघांनी बाजू बदलल्या आहेत. ही हकीकत त्यांनीच पुढे १९०८ मध्ये लिहून ठेवली आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर जे विमान उडाले, त्याला स्प्रूस लाकडाचे साडेआठ फुटी दोन प्रॉपेलर होते. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून अलीकडे त्या वातबोगद्यात तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास भरली. कागद, पेन्सिल आणि भावाभावांचे भांडण एवढ्या भांडवलावर मिळवलेले हे यश थक्क करणारे आहे. पण पात्याभोवतीच्या वाऱ्याचा पूर्ण हिशेब त्यांनाही लागला नव्हता. तो लावण्याच्या प्रयत्नांची कथा त्यांच्या आधी सुरू झाली आणि आज संगणकांच्या दालनात चालू आहे. या कथेत गणित जितके महत्त्वाचे, तितकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची : आपल्या गणितातून काय वगळले आहे, याची जाणीव.

तबकडी आणि पाते

१८६५ मध्ये ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन यांनी बोटीच्या पंख्याचा प्रश्न एका धाडसी युक्तीने सोडवायला घेतला. त्यांनी पंख्यातून पातीच काढून टाकली! पंख्याच्या जागी त्यांनी पाण्याला मागे रेटणारी एक पातळ तबकडी कल्पिली. आत येणारे पाणी किती, बाहेर जाणारे किती, त्याचा वेग किती वाढला, एवढाच हिशेब त्यांनी मांडला. पाती तीन आहेत की चार, रुंद आहेत की अरुंद, हे प्रश्न त्यात येतच नाहीत.

तेरा वर्षांनी, १८७८ मध्ये, विल्यम फ्रूड यांनी नेमके उलटे केले. त्यांनी पाण्याकडे पाठ फिरवली आणि पाते हातात घेतले. पात्याचे लांबीच्या दिशेने लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटा पंख समजायचा, त्यावर पडणारा जोर काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. या हिशेबात पाते होते, पण पात्याने ढवळलेल्या पाण्याचा परिणाम नव्हता.

एकाने पाते वगळले, दुसऱ्याने प्रवाह. दोन्ही हिशेब अपुरे आणि दोन्ही उपयोगी. तबकडीच्या वाटेने जाऊन जर्मनीतील गटिंगेन येथे अल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले, की पवनचक्की कितीही उत्तम बांधली, तरी तिच्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्याच्या ऊर्जेपैकी सोळा-सत्तावीसांश, म्हणजे ५९.३ टक्क्यांहून अधिक वाटा ती घेऊ शकणार नाही. सगळा वाटा घ्यायचा तर हवा चक्कीमागे थांबलीच पाहिजे. आणि ती थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाट कुठली? पात्यांचा विचारच न करता काढलेली ही मर्यादा जगातल्या सगळ्या पवनचक्क्यांच्या पात्यांना आजही लागू आहे. काय वगळले आहे हे ठाऊक असेल, तर अपुरा हिशेबही किती दूर नेतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

या दोन वाटा नीट एकत्र आणून इंजिनिअरच्या हाती देण्याचे मोठे काम इंग्लंडमध्ये हर्मन ग्लाउर्ट यांनी केले. १९२६ च्या त्यांच्या पुस्तकात राइट बंधूंच्या कोड्याचे व्यवहारी उत्तर आहे : वारा आणि जोर एकमेकांवर अवलंबून असतील, तर आधी वाऱ्याचा अंदाज करा, त्यावरून जोर काढा, त्या जोरावरून वारा पुन्हा काढा, आणि दोन्ही जुळेपर्यंत फेऱ्या मारत राहा.

टोकाचा प्रश्न

एक अडचण मात्र या जुळणीतही राहिली, आणि ती पात्याच्या टोकाशी होती. चालत्या पात्याच्या एका अंगाला दाब जास्त असतो, दुसऱ्या अंगाला कमी. टोकापाशी अडसर संपतो, त्यामुळे जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून कमी दाबाच्या बाजूला घुसते आणि तिचा भोवरा होतो. पाते पुढे जाते तसा तो भोवरा मागे मळसूत्रासारखा उलगडत जातो. दमट हवेत विमानाच्या प्रॉपेलरच्या टोकांपासून पांढऱ्या धाग्याच्या वेटोळ्या निघताना दिसतात, त्या याच भोवऱ्याच्या. या गळतीमुळे पात्याचे टोक म्हणावे तेवढे काम करत नाही. किती कमी करते?

१९१९ मध्ये बेट्झ यांनी कमीत कमी ऊर्जा वाया घालवणाऱ्या प्रॉपेलरवर एक निबंध लिहिला. त्याला त्यांचे गुरू लुडविग प्रांटल यांनी परिशिष्ट जोडले. प्रत्येक पाते आपल्यामागे भोवऱ्यांचा मळसूत्री पडदा सोडते. त्या वाकड्या पडद्यांच्या जागी प्रांटल यांनी एकामागोमाग उभ्या केलेल्या सपाट पाट्या कल्पिल्या. पाट्यांच्या कडेने हवा आत शिरते आणि पुन्हा बाहेर पडते. हा प्रश्न कागदावर सुटत होता, आणि त्यातून टोकाच्या गळतीचे एक आटोपशीर सूत्र मिळाले. ते अंदाजाचे होते, आणि प्रांटल यांनी ते अंदाजाचे म्हणूनच दिले होते.

खऱ्या मळसूत्राचे उत्तर दहा वर्षांनी आले. सिडनी गोल्डस्टीन या तरुण इंग्रज गणितज्ञाने १९२९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोन आणि चार पात्यांच्या प्रॉपेलरसाठी पूर्ण मळसूत्री पडद्याचे गणित सोडवून दाखवले. उत्तर अचूक होते, पण त्यातून आकडा काढणे म्हणजे लांबलचक श्रेढींची हाताने बेरीज. आकडेमोडीचा हा डोंगर टाळण्यासाठी अमेरिकेत थिओडोर थिओडोरसेन यांनी १९४० च्या दशकात वेगळीच शक्कल लढवली. विद्युतवाहक द्रावणाच्या टाकीत मळसूत्राची प्रतिकृती ठेवायची, वीज सोडायची आणि मापे घ्यायची. विजेचा दाब आणि आदर्श प्रवाह एकाच जातीचे समीकरण पाळतात, त्यामुळे हवेचे उत्तर विजेच्या मापावरून मिळते. गणित सुटत नाही म्हणून निसर्गालाच ते सोडवायला बसवायचे, असा हा प्रकार.

पण निसर्गाकडून मापे घेतली तरी आकडेमोड सुटत नव्हती. व्हर्जिनियातील लँग्ली प्रयोगशाळेत १९३५ पासून या कामासाठी स्त्रियांची नेमणूक होऊ लागली, आणि त्यांच्या पदाचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते. वातबोगद्यातील मापकांचे आकडे टिपायचे, यांत्रिक गणकयंत्रावर चालवायचे, आलेख काढायचे. १९४३ पासून तिथे कृष्णवर्णीय स्त्रियाही आल्या. त्यांना बसायला वेगळी जागा होती आणि जेवायला वेगळे टेबल. पुढे यंत्राने त्यांचे काम घेतले आणि त्यांच्या पदाचे नावही घेतले.

आवक-जावक

इथपर्यंतच्या सगळ्या हिशेबांत हवेचा चिकटपणा जवळजवळ बाजूला ठेवलेला होता. तो धरून हवेच्या गतीची पूर्ण समीकरणे नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली होती. म्हणजे रँकिन यांच्या तबकडीआधीच ती ग्रंथालयात होती. अडचण एवढीच, की खऱ्या पात्याभोवती ती कोणालाच सोडवता येत नव्हती.

संगणक आल्यावर वाट दिसली. पात्याभोवतीचा अवकाश लहान लहान कोठड्यांत विभागायचा आणि प्रत्येक कोठडीची वही मांडायची : हवा किती आली, किती गेली, गती किती आली, किती गेली. सरकारी कचेरीतील आवक-जावक वहीसारखाच हा प्रकार, फक्त टेबले लाखो आणि एकाची जावक ती शेजाऱ्याची आवक. लॉस अलामोस येथे फ्रान्सिस हार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात अशा हिशेबाच्या अनेक पायाभूत पद्धती घडवल्या. दाब कोठडीच्या मध्यावर मोजायचा आणि वेग तिच्या भिंतींवर, ही युक्ती त्यांचीच. दोन्ही एकाच जागी मोजले, तर बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा खोटा दाब उभा राहतो आणि वहीला त्याचा पत्ताही लागत नाही.

दाबाची अडचण आणखी खोल होती. कमी वेगाच्या प्रवाहात हवा दाबली जात नाही असे धरतात. मग वेगाला समीकरण आहे, वस्तुमानाला आहे; दाबाला स्वतःचे समीकरणच नाही. तो सगळीकडे लुडबुड करतो आणि त्याचा जाब विचारायला जागा नाही. या गुंत्यावरचा सर्वांत जास्त वापरला गेलेला उपाय एका पुणेकराच्या नावाशी जोडलेला आहे. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ साली पुण्यात झाला. १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, १९६४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण आणि १९६७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. तिथले प्राध्यापक ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये जी रीत प्रसिद्ध केली, ती तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिंपल’ म्हणून ओळखली जाते.

रीत अशी. दाबाचा आधी अंदाज करा. त्या अंदाजावर वेग काढा. आता प्रत्येक कोठडीची वही तपासा. आवक जावकेपेक्षा जास्त असेल, तर तिथला दाब कमी धरला गेला आहे, तो वाढवा. जावक जास्त असेल तर कमी करा. दुरुस्त दाबावरून वेग दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. सगळ्या वह्या जुळल्या की थांबा. राइट बंधूंच्या भांडणातले कोडे आणि ग्लाउर्ट यांच्या फेऱ्या इथे लाखो कोठड्यांच्या पातळीवर पुन्हा भेटतात. पाटणकर पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकावर जगभरच्या अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या. त्या निबंधात प्रॉपेलर नव्हता. उष्णता, वस्तुमान आणि गती यांच्या वहनाचा तो सर्वसाधारण विचार होता. पण पात्याभोवतीच्या हिशेबाला लागणारी किल्ली त्यात होती.

यंत्र की बोगदा?

संगणकाचा वेग वाढू लागला तशी एक मोठी आशा जन्माला आली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रातील डीन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात म्हटले, की दहाएक वर्षांत विमानांच्या आराखड्यात संगणक वातबोगद्यांची जागा घेऊ लागतील. आशेला आधार होता. हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ जाते, तिथल्या प्रवाहाचा संगणकीय हिशेब कॅराडोना आणि आयसम यांनी १९७२ मध्येच मांडला होता.

पण फिरणारे पाते स्थिर पंखाइतके सरळ वागत नाही. गटिंगेनच्या हिमेल्स्काम्प यांना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रॉपेलरच्या मुळाजवळ पाते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जोर देताना दिसले होते. पात्याचा वाऱ्याशी असलेला कोन फार वाढला की हवा पृष्ठभागापासून सुटते आणि जोर ढासळतो. याला स्टॉल म्हणतात. फिरणाऱ्या पात्यावर मात्र पृष्ठभागालगतची मंद हवा मुळाकडून टोकाकडे ओढली जाते, त्यामुळे स्टॉल लांबतो. वातबोगद्यात स्थिर ठेवलेल्या पात्याच्या तुकड्यावरून काढलेल्या तक्त्यांत हा परिणाम येत नाही. शिवाय हेलिकॉप्टरचे पाते स्वतःच सोडलेल्या भोवऱ्यांजवळून पुन्हा पुन्हा जाते, आणि विरळ जाळीत हे भोवरे संगणकातच विरून जातात. वहीत ते निवतात, हवेत ते जिवंत असतात.

म्हणून मापांची गरज संपली नाही. कॅराडोना आणि टंग यांनी १९८१ मध्ये दोन पात्यांच्या एका लहान प्रतिकृतीवरील दाबाचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध केले. नवी संगणकसंहिता लिहिली, की तिची पहिली परीक्षा या आकड्यांवर, असा पायंडा पडला. यात एक मेख होती. उत्तर आधीच छापलेले असेल, तर जाळी थोडी इकडे, खळबळीचा एखादा स्थिरांक थोडा तिकडे, असे करत हिशेब जुळवता येतो. जुळलेला आलेख मग हिशेबाची शक्ती दाखवतो की करणाऱ्याची चिकाटी, हे सांगणे कठीण होते.

झाकलेल्या उत्तराची परीक्षा

अमेरिकेच्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीने २००० साली या मेखेवर बोट ठेवले. तिचे संशोधक कोलोरॅडोत उघड्या माळावर पवनचक्कीच्या पात्यांवरील दाब मोजत होते. पण माळावरचा वारा दोनदा सारखा येत नाही. तेव्हा त्यांनी १०.०५८ मीटर व्यासाची, दोन पात्यांची चक्की उचलून थेट एम्सच्या वातबोगद्यात नेली. ऐंशी फूट उंच आणि एकशेवीस फूट रुंद अशा मोजमापाचा हा जगातील सर्वांत मोठा वातबोगदा. संगणक बोगद्यांची जागा घेतील असे जिथे लिहिले गेले, तिथेच १९८० च्या दशकात तो उभा राहिला होता. त्यात वारा निर्माण करणारे सहा पंखे प्रत्येकी चाळीस फूट व्यासाचे. म्हणजे पात्यांची परीक्षा घेणारा वाराही पात्यांनीच केलेला.

मापे घेतली आणि झाकून ठेवली. पात्याचा आकार, फिरण्याची गती, वाऱ्याचा वेग एवढे सांगून तज्ज्ञांना विचारले : तुमच्या पद्धतीने सांगा, चक्की किती शक्ती देईल आणि पात्यावर किती ताण येईल. उत्तरे आल्यावरच मापे उघडली.

निकालाने सगळेच चपापले. वारा समोरून येत होता, स्टॉल नव्हता, अशा सोप्यातल्या सोप्या स्थितीतही भाकिते मोजलेल्या शक्तीच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. पाते वाकवणाऱ्या जोराची भाकिते ८५ ते १५० टक्के. वारा वाढून स्टॉल सुरू झाल्यावर शक्तीची भाकिते ३० ते २७५ टक्क्यांपर्यंत गेली. हे नवशिके नव्हते. हाच त्यांचा व्यवसाय होता आणि याच पद्धतींनी चक्क्यांचे आराखडे होत होते. शक्तीचा अंदाज दुपटीने चुकला तर प्रकल्पाचे पैसे बुडतात. वाकण्याचा जोर कमी धरला गेला तर पाते मोडते.

एका उत्तराने मात्र लक्ष वेधले. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतील निल्स सोरेन्सेन यांनी तक्त्यांवर विसंबून न राहता पात्याभोवतीच्या कोठड्यांत पूर्ण समीकरणांचा हिशेब केला होता आणि तो मापांच्या बराच जवळ आला. त्यांच्या ‘एलिप्सिस’ या संहितेत दाब आणि वेग यांची सांगड घालायला पाटणकर-स्पॉल्डिंग यांची रीत आहे. अर्थात हा हिशेबही निर्दोष नव्हता. स्टॉलच्या उंबरठ्यावर, सेकंदाला दहा मीटर वाऱ्याच्या आसपास, हवा सुटेल की चिकटून राहील हे ठरवणे त्यालाही जड गेले. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या संशोधकांना याच जागेने छळले.

या परीक्षेचे खरे मोल हरणाऱ्यांनी ती देण्यात आहे. निकाल लाजिरवाणा होता. तो दडपला गेला नाही. आकड्यांसह छापला गेला, आणि झाकलेली मापे पुढच्या सर्वांना खुली झाली. संगणकाच्या पडद्यावर आज लाल-निळ्या रंगांत पात्याभोवतीचा प्रवाह उलगडताना दिसतो, तेव्हा चित्र इतके देखणे असते की शंका घ्यायला जीभ उचलत नाही. रँकिन यांची तबकडी कोणी खरा पंखा समजत नव्हते. तिचे अपुरेपण तिच्या चेहऱ्यावर होते. रंगीत चित्राचे अपुरेपण चित्रात दिसत नाही. ते कोठड्यांच्या आकारात, खळबळीच्या सूत्रात आणि कुठेतरी निवून गेलेल्या भोवऱ्यात लपलेले असते. ते शोधायला झाकलेले उत्तर लागते.

आणि जुने हिशेब? ते मोडीत निघाले नाहीत. एका चक्कीच्या आराखड्यात वाऱ्याच्या हजारो परिस्थिती तपासाव्या लागतात : झोत, वादळ, तिरका वारा, अचानक ब्रेक. प्रत्येकीसाठी पूर्ण समीकरणे सोडवायला वेळ नसतो. त्यामुळे तो महागडा हिशेब मोजक्या ठिकाणी होतो. रोजच्या कामाला अजूनही रँकिन-फ्रूड यांची तबकडी, ग्लाउर्ट यांच्या फेऱ्या आणि बोगद्यात मोजलेले तक्ते हेच लागतात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना अनेकांनी पाहिल्या असतील. अशा चक्क्यांच्या रोजच्या हिशेबात पात्याच्या टोकापाशी हवा किती गळते, हे ठरवताना संगणक जे सूत्र वापरतो, ते प्रांटल यांनी १९१९ मध्ये आपल्या शिष्याच्या निबंधाला जोडलेल्या परिशिष्टातले आहे.